पाकिटावर नाव लिहा

हिमालयातल्या माझ्या पहिल्या ट्रेकच्या शेवटच्या दिवशी आम्ही अठरा जणांनी प्रत्येकी पाचशे रुपये काढले, एका पाकिटात घातले आणि ट्रेक लीडरच्या हाती दिले. टाळ्या झाल्या, फोटो झाले. गाडी सुटायला अर्धा तास होता म्हणून मी कोपऱ्यावरच्या टपरीत चहा प्यायला गेले. तिथे आमच्या किचन टेंटमधला मदतनीस मुलगा बसला होता. सहा दिवस पहाटे तंबूची चेन उघडून चहाचा पेला आत सरकवणारा आणि रात्री आम्ही स्लीपिंग बॅगमध्ये शिरल्यावर बर्फगार पाण्यात पातेली घासणारा. "तुला पैसे मिळाले ना?" असं मी हिंदीत विचारलं. तो म्हणाला, "कौन से पैसे, दीदी?"

खच्चरवाले दोघं तर तिथे नव्हतेच. सकाळीच आमच्या बॅगा गाडीपाशी उतरवून, पुढच्या बॅचचं सामान लादून ते परत वर निघून गेले होते. त्या नऊ हजारांची वाटणी पुढे कशी झाली, हे मला आजतागायत कळलेलं नाही. लीडरने लबाडी केली असं मी म्हणणार नाही, कारण हे पैसे कुणाकुणाचे आहेत हे आम्ही त्याला सांगितलंच नव्हतं. चूक आमची होती. ती पुन्हा होऊ नये म्हणून त्यानंतरच्या प्रत्येक ट्रेकमध्ये जे शिकत गेले, ते इथे लिहिते आहे.

टिप हा शब्द आपल्या डोक्यात हॉटेलातल्या बडीशेपेच्या बशीशी जोडलेला आहे. बिल आलं, सुटे पैसे बशीत राहिले, विषय संपला. डोंगरात हा हिशेब लागू पडत नाही. वेटर आपल्यासमोर तासभर असतो, गाइड आणि हमाल आठ-दहा-बारा दिवस. आपण कुठे झोपतो, काय खातो, किती वेळा उलटी झाली, रात्री श्वास लागला का, हे सगळं त्यांना ठाऊक असतं. मराठीत या देण्याला अधिक जवळचा शब्द आहे, पोस्त. दिवाळीत दूधवाला, पोस्टमन, कचरा नेणाऱ्या मावशी यांना आपण पोस्त देतो, तेव्हा मागच्या वर्षभराच्या येण्याजाण्याची जाणीव त्यात असते. ट्रेकच्या शेवटी द्यायचे पैसे त्या जातीचे आहेत.

आधी मजुरी, मग टिप

आपल्याकडून पुष्कळ लोक नेपाळच्या ज्या ट्रेकला जातात तो एव्हरेस्ट बेस कॅम्पचा. लुक्लाला विमान उतरतं ते २,८६० मीटरवर आणि बेस कॅम्प आहे ५,३६४ मीटरवर. जायला-यायला साधारण १२ दिवस लागतात. आपल्या पाठीवर पाणी, जॅकेट आणि कॅमेऱ्याची छोटी सॅक असते. मोठी डफल बॅग नेतो तो भरिया. नेपाळीत हमालाला भरिया म्हणतात. सहसा दोन ट्रेकर्समागे एक भरिया असतो. दोघांच्या बॅगा दोरीने एकत्र बांधून तो नाम्लो, म्हणजे कपाळावरून घ्यायचा पट्टा, लावतो आणि उठतो. किराणा किंवा लाकूड नेणारे डोको नावाची बांबूची टोपली वापरतात. हातात टोक्मा, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची काठी. चढावर दम घ्यायचा तर ओझं खाली न ठेवता ते याच काठीवर टेकवून उभं राहायचं. ट्रेकिंगमधल्या भरियासाठी ३० किलो ही वरची मर्यादा मानली जाते आणि चांगल्या कंपन्या त्याहूनही कमी ठेवतात. आपण प्रत्येकाने १५ किलोंची बॅग भरली, तर त्याच्या स्वतःच्या स्वेटरला आणि पांघरुणाला त्यात जागाच उरत नाही. म्हणून टिपेचा विचार करण्याआधी बॅग १० किलोंत बसवा. त्या माणसासाठी आपण करू शकतो ती ही पहिली गोष्ट, आणि तिला पैसा लागत नाही.

दुसरी गोष्ट बुकिंगच्या वेळची. कंपनीला चार प्रश्न विचारा. भरियाला रोजची मजुरी किती मिळते? त्याचं जेवण आणि राहणं कंपनी देते की त्याच मजुरीतून त्याने भागवायचं? त्याचा विमा आहे का? तो किती किलो उचलणार? दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या परिसरात, जसजसं वर जावं तसतशी प्रत्येक वस्तू महाग होत जाते, कारण ती बहुधा कुणाच्या तरी किंवा याकच्या पाठीवरून येते. ज्याला जेवणाचे पैसे मजुरीतून द्यावे लागतात, त्याच्या हातात शेवटी फार थोडं उरतं. ज्या कंपनीला हे प्रश्न आवडत नाहीत, तिच्याकडे जाऊ नका. दोन कंपन्यांच्या दरांत दहा-पंधरा हजारांचा फरक दिसला, तर तो कुणाच्या खिशातून कापला गेलाय याचा शोध घ्या. घासाघीस करून दर खाली आणायचा आणि मग शेवटी उदारपणे टिप द्यायची, यात काही अर्थ नाही. चांगली मजुरी कामाच्या पहिल्या दिवसापासूनची हक्काची असते. टिप आपल्या मर्जीवर असते, आणि मर्जीवर कुणाचं घर चालू नये.

या प्रश्नांमागे काय आहे ते २०१४ साली जगाने पाहिलं. १८ एप्रिलच्या पहाटे एव्हरेस्टच्या चढाईवरच्या खुंबू आइसफॉलमध्ये हिमकडा कोसळून १६ नेपाळी कामगार मेले. ते सगळे परदेशी गिर्यारोहकांच्या मोहिमांसाठी सामान वर नेत होते. नेपाळ सरकारने तातडीची मदत म्हणून त्यांच्या कुटुंबांना प्रत्येकी ४०,००० नेपाळी रुपये जाहीर केले. भारतीय चलनात ते २५,००० होतात. शेर्पांनी तो हंगाम बंद पाडला. त्यांचा राग टिपेवरून नव्हता. विमा, भरपाई आणि कामाच्या अटी यांवरून होता.

शेर्पा या शब्दाबद्दलही एक सांगायला हवं, कारण पाकिटावर नाव लिहिताना ते उपयोगी पडतं. शेर्पा म्हणजे हमाल नव्हे. तो एक समाज आहे, पूर्वेकडून आलेले लोक असा त्या शब्दाचा अर्थ. तुमची बॅग उचलणारा बऱ्याचदा राई, तामांग किंवा मगर असतो, आणि त्याला 'ए शेर्पा' म्हणून हाक मारली की ती चुकीची असते. त्याला नावाने किंवा वयाप्रमाणे दाइ, भाइ म्हणावं. शेर्पांमध्ये मुलाचं नाव पुष्कळदा जन्मवारावरून ठेवतात. दावा म्हणजे सोमवार, मिंग्मा मंगळवार, ल्हाक्पा बुधवार, फुर्बा गुरुवार, पासांग शुक्रवार, पेम्बा शनिवार आणि निमा रविवार. एकाच चमूत दोन पासांग असणं अगदी साधी गोष्ट आहे. म्हणून पहिल्याच संध्याकाळी वहीत प्रत्येकाचं पूर्ण नाव आणि काम लिहून घ्या. ते लिहून घेताना जी ओळख होते ती पुढचे बारा दिवस कामी येते.

किती द्यायचं

हा प्रश्न सगळे सगळ्यात आधी विचारतात. कंपनीच्या माहितीपत्रकात डॉलरमध्ये आकडे असतात, मित्र आपल्या अनुभवाचे आकडे सांगतात, आणि दरवर्षी ते बदलतात. मी एक सोपं माप धरलं आहे आणि ते मला सगळीकडे कामी आलं: दर चार दिवसांच्या कामामागे त्या माणसाची एका दिवसाची मजुरी. मजुरी वाढली की टिप आपोआप वाढते. गाइडला जास्त, भरियाला कमी हा फरकही त्यात आपसूक राहतो. जुन्या प्रवास-पुस्तकांत आठवड्याला एका दिवसाची मजुरी असं माप दिलेलं असायचं. मला ते तोकडं वाटतं.

उदाहरण करून पाहू. सहा जणांचा गट, १२ दिवसांचा ट्रेक, सोबत एक गाइड, एक सहायक गाइड आणि तीन भरिया. समजा चौकशीत कळलं की गाइडची मजुरी दिवसाला ३,५००, सहायकाची २,५०० आणि भरियाची २,००० नेपाळी रुपये आहे. बारा दिवसांमागे प्रत्येकाची तीन दिवसांची मजुरी. म्हणजे गाइडला १०,५००, सहायकाला ७,५०० आणि तीन भरियांना प्रत्येकी ६,००० याप्रमाणे १८,०००. एकूण ३६,००० नेपाळी रुपये. सहा जणांत भागले की माणशी ६,०००. शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून ठरलेला आहे, त्यामुळे हे ३,७५० भारतीय रुपये झाले. मुंबई-पुण्याहून जाऊन येईपर्यंत कंपनीची फी, काठमांडू आणि लुक्लाची विमानं, बूट, जॅकेट मिळून खर्च लाखाच्या घरात जातो. त्यात हे पावणेचार हजार पहिल्यापासून धरले तर शेवटच्या रात्री कुणाचं तोंड वाकडं होत नाही. बजेटच्या कागदावर विमानाच्या तिकिटाखालीच ही ओळ लिहा.

गट लहान असेल तर माणशी वाटा वाढतो, हे ध्यानात ठेवा. दोघंच गेलात तर गाइडची पूर्ण टिप दोघांवर येते. एकट्याने जाणाऱ्याने तर हे आधीच समजून असावं.

भारतातल्या हिमालयात चित्र थोडं वेगळं. केदारकांठा, हर की दून, हामटा पास अशा ट्रेकला मोठ्या कंपन्यांच्या बॅचमध्ये पंधरा-वीस जण असतात. ट्रेक लीडर बहुधा पगारी असतो आणि शहरातून आलेला असतो. खरं काम गावातल्या माणसांचं: पुढचा स्थानिक गाइड, सगळ्यांत मागे राहून थकलेल्यांना आणणारा स्वीपर, आचारी, त्याचे मदतनीस, तंबू ठोकणारे आणि खच्चरवाले. खच्चरांच्या बाबतीत एक खुबी आहे. मालक एक आणि सोबत चालणारा दुसराच असू शकतो. पैसे चालणाऱ्याच्या हातात द्यायचे. काही कंपन्या टिप घेऊच नये असा नियम ठेवतात, काही शेवटी एक पेटी फिरवतात. नियम असेल तर तो आधी विचारा आणि पाळा. पेटी फिरवत असतील तर ती कशी वाटली जाते हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. मी विचारते, आणि आजवर कुणी त्यावर रागावलेलं नाही.

आणखी एक. आपल्याकडचे गट दिवाळीच्या सुट्टीत नेपाळला जातात. त्याच आठवड्यात तिथे तिहार असतो, आणि तिहारच्या शेवटच्या दिवशी भाइ टीका, म्हणजे त्यांची भाऊबीज. आपली बॅग उचलणाऱ्या भरियाची बहीण त्या दिवशी घरी त्याची वाट पाहत असते. तो बेस कॅम्पच्या वाटेवर नाम्चेच्या चढावर असतो. त्या दिवसांत नेहमीच्या हिशेबावर थोडी भर घाला.

कसं द्यायचं

इथेच बहुतेक गट घसरतात, म्हणून मी इथे जरा रेंगाळणार आहे.

गटातल्या एकाला खजिनदार करा. हे ट्रेक सुरू होण्याआधी, काठमांडूत किंवा डेहराडूनला ठरवा. तिथेच प्रत्येकाचा वाटा गोळा करून घ्या. शेवटच्या रात्री वर्गणी मागायला गेलं की कुणाकडे सुटे नसतात, कुणाला वाटतं आपण चहाचे पैसे आधीच दिलेत, आणि मग आकडा खाली घसरतो. पैसे रोखच हवेत. लुक्ला आणि नाम्चेला एटीएम आहेत, पण त्यांच्या भरवशावर ट्रेकचा शेवट ठेवू नका. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सवय आपल्याला इतकी लागली आहे की खिशात नोटा नसतात, आणि डोंगरात नेटवर्क नसतं. नेपाळात नेपाळी रुपयेच द्या. मोठ्या भारतीय नोटांचे तिथले नियम वेळोवेळी बदलत आलेत, आणि डॉलर भरियाला बदलून घ्यायला शहरात जावं लागतं. चुरगळलेली किंवा फाटकी डॉलरची नोट तर तिथले दुकानदार घेतच नाहीत.

प्रत्येक माणसासाठी वेगळं पाकीट. पाकिटावर त्याचं नाव, त्याच्या नावाचा उच्चार नीट विचारून लिहिलेलं. आत पैसे, आणि जमलं तर दोन ओळी. गाइडला इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिलेल्या दोन ओळी पुढच्या ग्राहकाला दाखवता येतात, त्याच्यासाठी ते प्रमाणपत्रच असतं. भरियाला वाचता येत नसेल तर ते मोठ्याने वाचून दाखवा.

वेळ अशी निवडा की सगळे हजर असतील. शेवटच्या दिवशी भरिया आपल्या आधी पोचतात आणि सामान टाकून निघूनही जातात, खच्चरवाले पुढच्या बॅचसाठी परत फिरतात. म्हणून आदल्या संध्याकाळी जेवणाआधी सगळ्यांना बोलवा. कुणी मध्येच परतणार असेल तर त्याचं पाकीट त्याच दिवशी द्या. थकल्यामुळे भरिया बदलला जातो, वाटेत एखाद्या गावातून दोन दिवसांसाठी कुणी सोबत येतो. या माणसांना शेवटच्या समारंभात कुणी आठवत नाही. खजिनदाराने वहीत त्यांचे दिवस मांडून ठेवावेत आणि निघतानाच त्यांचा हिशेब करावा.

देताना उभं राहून, नाव घेऊन, दोन्ही हातांनी द्या. किंवा उजव्या हाताने द्या आणि डावा हात उजव्या कोपराला लावा, ही नेपाळची आदराची रीत आहे. सुरुवात भरियांपासून करा, गाइड शेवटी. उलट क्रमाने केलं की पहिल्या टाळीनंतर लोक पांगतात. पाकीट उघडून मोजायला लावू नका, आणि पैसे देतानाचे फोटो काढू नका. चमूचा एकत्र फोटो सकाळी, चहाच्या वेळी काढावा.

सगळं गाइडकडे सोपवून 'तुम्हीच वाटा' म्हणणं सोपं असतं. चांगला गाइड ते प्रामाणिकपणे करतोही. पण आपण ज्याच्या पाठीवर ओझं दिलं, त्याच्या डोळ्यांत पाहून त्याला दोन शब्द सांगण्याचं काम दुसऱ्यावर टाकू नये असं मला मनापासून वाटतं.

शिखराशी टिप बांधू नका

हा मुद्दा मी सगळ्यांत महत्त्वाचा मानते. शिखर झालं तर जास्त टिप आणि हवा बिघडल्यामुळे परतावं लागलं तर कमी, असं पुष्कळ जण करतात. त्यांना त्याचं वाईटही वाटत नाही. पण त्या गाइडच्या जागी उभं राहून पाहा. वर ढग दाटताहेत, गटातल्या एकाला डोकेदुखी आहे आणि तो अडखळतो आहे. 'परत फिरा' म्हणावं तर आपली टिप गेली. 'थोडंच राहिलंय, चला' म्हणावं तर त्या माणसाचा जीव धोक्यात. आपल्या चार-पाच हजारांनी त्याच्या निर्णयावर असं वजन टाकायचं का? बेस कॅम्पच्या वाटेवर लोबुचेला तुमचा ऑक्सिजन खाली गेला म्हणून ज्याने रात्री कंदील घेऊन तुम्हाला फेरिचेपर्यंत उतरवलं आणि बेस कॅम्प हुकवला, त्याने त्या ट्रेकमधलं सर्वांत कठीण काम केलं. त्याला पूर्ण टिप द्या, वर थोडी जास्त द्या.

असाच प्रकार आपल्याकडच्या जंगलात होतो. ताडोब्यात जिप्सीतून उतरताना लोक गाइडला विचारतात, वाघ कुठे दाखवलात? दिसला असेल तर पाचशेची नोट निघते, नसेल तर शंभर. मग ड्रायव्हर आणि गाइड दोघंही वाघाच्या मागे धावतात. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. त्याची चित्रफीत सगळ्यांनी पाहिली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाइड आणि चालकांवर कारवाई झाली. कारवाई योग्यच होती. पण गाड्यांत बसलेल्या पर्यटकांच्या खिशातल्या नोटांनीही त्या दिवशी स्टिअरिंगला हात लावला होता. अर्जुनाचं झाड, रानकुत्र्याचा माग, सर्पगरुडाची शीळ दाखवणाऱ्या गाइडला वाघ न दिसताही मनापासून द्या, आणि ते कशासाठी देताय हे त्याला सांगा.

एव्हरेस्टसारख्या मोठ्या मोहिमांत गिर्यारोहण शेर्पाला 'शिखर बोनस' देण्याची रूढी आहे. ती करारातच लिहिलेली असते, आणि टिप त्याहून वेगळी असते. तिथे जाणाऱ्याने करारात हेही पाहावं की हवामानामुळे किंवा ग्राहकाच्या प्रकृतीमुळे माघार घ्यावी लागली तर शेर्पाला काय मिळणार.

उत्पन्न कमी असलं की माणूस कमिशनकडे वळतो. २०१८ मध्ये नेपाळ सरकारच्या चौकशीत ट्रेकिंग कंपन्या, हेलिकॉप्टर कंपन्या आणि रुग्णालयांच्या संगनमताने गरज नसताना ट्रेकर्सना हेलिकॉप्टरने उतरवून विमा कंपन्यांकडून पैसे उकळल्याचं उघड झालं. ज्याला नीट मजुरी मिळते तो गाइड अशा जाळ्यात ओढला जाण्याची शक्यता कमी. म्हणून मी पुन्हा त्या चार प्रश्नांकडे येते.

टिपेऐवजी काय चालत नाही

जुने बूट, वापरलेलं जॅकेट, हातमोजे द्यावेत, जरूर द्यावेत, पण ते पैशांच्या जागी धरू नयेत. फाटकं देऊ नये. जे द्यायचं ते ज्याला बसेल त्याच्यापर्यंत पोचवावं. काठमांडूत 'काठमांडू एन्व्हायर्नमेंटल एज्युकेशन प्रोजेक्ट' ही संस्था भरियांसाठी कपड्यांची बँक चालवते. उरलेले गरम कपडे तिथे दिले तर ते वापरणाऱ्या माणसापर्यंत जातात. उरलेल्या गोळ्या-औषधं कुणाला देऊ नका. दारूची बाटली ही टिप नव्हे. वाटेतल्या मुलांना चॉकलेट आणि सुटे पैसे वाटू नका, त्याने त्यांना हात पसरायची सवय लागते.

कामात खोट असेल तर? गाइड सारखा पुढे निघून गेला, आजारी माणसाकडे लक्ष दिलं नाही, तर त्याची टिप कमी करा आणि कारण त्याला नीट सांगा. पण खोली खराब होती, जेवण थंड होतं, विमान दोन दिवस रखडलं, हा राग भरियावर काढू नका. त्यातलं काहीच त्याच्या हातात नसतं.

किलिमांजारो आणि घरचे डोंगर

किलिमांजारोच्या ५,८९५ मीटरवर आता दरवर्षी मराठी मंडळी जातात, कुणी २६ जानेवारीला तिरंगा घेऊन, कुणी महाराजांची मूर्ती घेऊन. टांझानियातली रीत नेपाळपेक्षा फार वेगळी आहे, आणि ती माहीत नसल्याने आपले लोक गोंधळतात. एका गिर्यारोहकामागे तिथे तीन-चार माणसं असतात, कारण तंबू, खुर्च्या, गॅस, पाणी सगळं खांद्यावरून जातं. टिप हा तिथे उत्पन्नाचा मोठा भाग धरलेला असतो. माणशी दोनशे-तीनशे डॉलरची तयारी ठेवावी लागते. शेवटच्या सकाळी गाणी होतात, नाच होतो आणि कुणाला किती ते सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं जातं. आपल्याला हे अवघड वाटतं. पण मोठ्याने सांगण्यामुळे मधल्यामध्ये कुणी पैसे कापू शकत नाही. २००३ पासून काम करणारा 'किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट' हमालांची मजुरी, जेवण आणि वजन यांवर लक्ष ठेवतो. ओझ्याची मर्यादा तिथे २० किलो आहे. या प्रकल्पाशी जोडलेली कंपनी निवडा.

सह्याद्रीत टिपेचा प्रश्न वेगळा आहे. मराठी गिर्यारोहण संस्थांचे लीडर बहुतेक हौसेने, स्वतःचा रविवार देऊन येतात. लिंगाण्यावर दोर लावणाऱ्या अशा मित्राला पैसे देऊ केले तर तो दुखावेल. त्यापेक्षा संस्थेच्या दोर-कॅराबिनरच्या निधीला द्या. पाचनईहून हरिश्चंद्रगड दाखवणारा, साम्रदहून सांदण दरीत नेणारा गावातला वाटाड्या मात्र मजुरीवर आलेला असतो. त्याचे पैसे आधी ठरवा, ठरवताना शंभर-दोनशेसाठी ओढाताण करू नका, आणि उतरल्यावर ठरल्याहून थोडे जास्त द्या. ज्यांच्या घरी पिठलं-भाकरी खाल्ली त्या ताईंच्या हातात जेवणाचे पैसे वेगळे द्या. पहाटे चार वाजता चूल पेटवून वीस जणांच्या भाकऱ्या त्यांनी थापलेल्या असतात, आणि वाटाड्याला दिलेले पैसे त्यांच्यापर्यंत पोचतीलच असं नाही.

सहलींबद्दल थोडक्यात. परदेशी बस-सहलीत ड्रायव्हर आणि गाइडची टिप पुष्कळदा दिवसाच्या हिशेबाने आधीच घेतली जाते. ती घेतली आहे का हे विचारून घ्या, म्हणजे दोनदा द्यावी लागणार नाही. जपानला जात असाल तर टिप देऊच नका, तिथे ती रीत नाही. अजिंठा-वेरूळच्या अधिकृत गाइडची फी ठरलेली असते. ज्याने अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीपुढे तुम्हाला घाई न करता दहा मिनिटं उभं केलं, त्याला त्या फीवर शे-दोनशे रुपये जरूर द्या.

पुढच्या ट्रेकची बॅग भराल तेव्हा औषधांच्या डब्याशेजारी सहा-सात कोरी पाकिटं, एक पेन आणि नावं लिहायला छोटी वही टाका. त्यांचं वजन शंभर ग्रॅमसुद्धा होत नाही.